पुरळ आलं की सगळाच गोवर नसतो

लेकराच्या अंगावर लाल पुरळ दिसलं की आपल्याकडे नाव ठरलेलं असतं, गोवर. मग उशाला कडुलिंबाचा पाला, फोडणी बंद, आणि ‘सगळं बाहेर पडू दे’ म्हणत आठवडाभर वाट पाहणं. कर्जत-खालापुरात हे मुसलमानांच्या घरातही चालतं आणि शेजारच्या वाडीवरही. घरात पोटुशी सून असली की मात्र सगळ्यांची घाबरगुंडी उडते. कुणी म्हणतं माहेरी पाठवा, कुणी म्हणतं मूल आंधळं जन्मेल.

ही भीती खोटी नाही, पण ती रुबेलाची आहे. 1941 साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाने मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना विचारलं, तेव्हा बहुतेकींना गरोदरपणात रुबेला होऊन गेल्याचं कळलं. पहिल्या तीन महिन्यांतला रुबेला बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडवतो.

स्कार्लेट फीवर, म्हणजे लोहितांग ज्वर, हा वेगळाच आजार. घसा दुखतो, ताप चढतो, जीभ लालभडक होऊन तिच्यावर दाणे उठतात, आणि पुरळ हाताला पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. हा विषाणू नव्हे, स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू. पोटातल्या बाळात यामुळे व्यंग येतं असा पुरावा नाही. पेनिसिलीन गरोदर बाईलाही चालतं, आणि औषध सुरू झाल्यावर साधारण चोवीस तासांनी रुग्णापासून लागण होत नाही. बाळंतपण जवळ आलं असेल तर मात्र डॉक्टरला सांगायलाच हवं, कारण हाच जिवाणू बाळंतज्वर आणतो.

म्हणजे ‘बाहेर पडू दे’ हा सल्ला इथे घातक आहे. मला खरी चिंता त्या आजारी मुलीची वाटते. स्ट्रेपचा घसा औषधाविना सोडला तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाची झडप आकसते. घसा केव्हाच बरा झालेला असतो, लग्नही होतं. मग गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, त्या झडपेला ते पेलत नाही, आणि सहाव्या-सातव्या महिन्यात बाईला आडवं झालं की दम लागतो. घरचे म्हणतात, दिवस गेलेत, होणारच! आठव्या वर्षी दहा दिवसांच्या गोळ्या पूर्ण झाल्या असत्या तर कदाचित ही वेळ आली नसती. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या बंद करणारी घरं आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत.

आजाऱ्याची इयादत सवाबाची, हे मान्य. पण पोटुशीने पुरळ आलेल्या घरी जाऊ नये, आणि न बोलावताही कुणी रुसू नये. लागण झाल्याची शंका असेल तर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन पुरळ कसलं ते विचारावं. फक्त थेट प्रसूतीच्या रांगेत बसू नये, आधी आशाताईंना फोन करावा.

राहिला रुबेला. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली, ती नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. त्या वेळी व्हॉट्सॲपवर वंध्यत्वाच्या अफवा फिरल्या आणि काही आईबापांनी मुलांना शाळेतच पाठवलं नाही. त्यातल्या कित्येक मुलींचे आता निकाह ठरताहेत. 2003 च्या आधी जन्मलेल्या तर त्या मोहिमेत बसल्याच नाहीत. दिवस गेल्यावर ही लस देता येत नाही, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू नयेत हे पाहावं लागतं. दागिन्यांची यादी होते त्याच बैठकीत हेही विचारायला काय हरकत आहे?