गहू सोडण्याआधी रक्त तपासा



मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक माऊली लेकराला कडेवर घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, "भाऊ, पोराचं पोट सारखं बिघडते. शेजारीण म्हणते, गहू बंद कर. करू का?" मी म्हणालो, "ताई, आज बंद करू नका. आधी डॉक्टरला दाखवा." तिला नवल वाटले. गहू बंद केल्याने नुकसान ते काय होणार? दोन वर्षांपूर्वी मलाही असेच वाटत होते. माझ्या त्या चुकीची किंमत माझ्या भाचीने मोजली. तसे कोणाच्या घरी होऊ नये, म्हणून आजचा हा विषय.

माझी धाकटी बहीण वर्ध्याला असते. तिची मुलगी तेव्हा चौथीत होती, पण उंचीने दुसरीतल्या मुलीएवढी दिसायची. हातपाय काडीसारखे, पोट मात्र फुगलेले. दिवसातून तीन-चार वेळा पातळ, दुर्गंधी शौच. तोंड सारखे आलेले, चेहरा पांढराफटक. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी नजर लागली म्हटले आणि अंगारा आणला. १९५६ साली दीक्षाभूमीवर आपण देव्हारे सोडले, पण घरात आजार शिरला की अंगारा मागच्या दाराने आत येतो, हे कटू सत्य आहे.

डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, लोहाचे टॉनिक दिले. आपल्या विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे, म्हणून तीही तपासणी झाली. ती निघाली नाही. टॉनिकच्या बाटल्या संपत होत्या, पण रक्त काही वाढत नव्हते.

त्याच सुमारास गव्हामुळे होणाऱ्या सिलिॲक नावाच्या आजाराविषयी माझ्या वाचनात आले. लक्षणे तंतोतंत जुळली. मी लगेच बहिणीला फोन केला आणि सांगितले, "पोरीचा गहू आजपासून बंद." दोन महिन्यांत पोरीचे पोट सुधारले. मी चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगत सुटलो.

मग लग्नसराई आली. पोरीने पुऱ्या खाल्ल्या आणि आजारी पडली. आजी म्हणे, "दोन पुऱ्यांनी काय होते?" काका म्हणे, "मामा काय डॉक्टर आहे?" खरेच होते. माझ्या हातात कागद कोणता होता? शेवटी बहिणीने तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात बालरोगतज्ज्ञांकडे नेले. मीही सोबत होतो. त्यांनी सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला, "गहू बंद करण्याआधी रक्ताची तपासणी केली होती का?" मी मान खाली घातली.

गेली वीस वर्षे मी कारकुनी करतो. व्हाउचर जोडल्याशिवाय पाच रुपयांचे बिल पुढे सरकू देत नाही. आणि पोटच्या पोरीसारख्या भाचीच्या जन्मभराच्या खाण्याचा निर्णय मी बिनव्हाउचर मंजूर केला होता!

रक्त तपासले तर अहवाल साफ आला. डॉक्टरांनी त्याचे कारण समजावून सांगितले, ते प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावे. गहू, जव म्हणजे सातू, आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ज्यांच्या शरीराची ठेवण जन्मतः तशी असते, त्यांच्यापैकी काहींचे शरीर ग्लुटेन पोटात गेले की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, ते अन्नरस शोषून घेतात. या आजारात ते झिजून सपाट होतात. मग कितीही खाल्ले, टॉनिक घेतले, तरी अंगी लागत नाही. या हल्ल्याच्या खुणा रक्तात सापडतात. त्या टीटीजी नावाच्या तपासणीत दिसतात. त्यासोबत आयजीए या घटकाची एकूण मात्राही बघतात, कारण ती मुळातच कमी असली तर टीटीजीचा अहवाल फसवतो. पुढे बहुधा दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात. परंतु गहू बंद केला की रक्तातल्या खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि आतडेही भरून येऊ लागते. म्हणजे चोर घरातून गेल्यावर पंचनामा करण्यासारखे झाले.

आता उपाय एकच उरला. पोरीला पुन्हा गहू द्यायचा, रोज एकाहून जास्त जेवणांत, आणि तोही काही आठवडे. मोठ्या माणसांना किमान सहा आठवडे तरी सांगतात. मुलांच्या बाबतीत कधी, किती आणि द्यायचा की नाही, हे डॉक्टरच ठरवतात, कारण वाढीच्या वयात त्याने नुकसान होऊ शकते. पोरगी रडायची. "मामाजी, मला पोळी नको, पोट दुखते." जी पोळी मी बंद केली, तीच तिच्या ताटात वाढायला मला बहिणीला सांगावे लागले. ते दिवस आठवले की आजही जीव कासावीस होतो.

शेवटी तपासणीत आजार निघाला, बायोप्सीतही निघाला. डॉक्टर म्हणाले, "आईबापाचे आणि भावंडांचेही रक्त तपासा, हा आजार रक्ताच्या नात्यात सापडतो." आणि काय आश्चर्य! माझ्या बहिणीलाही तोच आजार निघाला. किती वर्षे ती थकवा अंगावर काढत होती. बाईमाणसाला अशक्तपणा असायचाच, असे म्हणून आम्ही सगळेच गप्प होतो. मी सांगितलेल्या पथ्यावरच आम्ही थांबलो असतो, तर बहिणीचा आजार कधीच कळला नसता.

मग एखाद्याला वाटेल, गहू सोडून बरे वाटते ना, मग नावाशी काय करायचे? पण हे पथ्य महिन्या-दोन महिन्यांचे नाही, जन्मभराचे आहे. संशयावर जन्मभराचे पथ्य टिकत नाही. शिवाय प्रत्येक बिघडलेले पोट सिलिॲक नसते. जंत असतात, आमांश असतो, आतड्याचा क्षयही असतो. गहू सोडून घरी बसलो आणि क्षय आत वाढत राहिला तर? आणि आजार खरा असूनही पथ्य अर्धवट पाळले, तर रक्त कमी राहते, हाडे ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते. क्वचित आतड्याचा कर्करोगही होतो.

या आजाराला गहू कारण आहे, हे हॉलंडच्या डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिले. त्याला संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, तेव्हा तो संशय बळावला. पण तो संशयावर थांबला नाही. मुलांना निरनिराळे अन्न देऊन त्याने मोजमाप केले आणि १९५० साली प्रबंध लिहिला. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते की, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखा. चार आर्यसत्यांतही आधी दुःख, मग दुःखाचे कारण आणि शेवटी मार्ग आहे. मी मात्र दुसरे सत्य न पारखताच चौथ्यावर उडी मारली.

निदान झाल्यावर पथ्य पाळणे आपल्याला जड नाही. आपल्या आजी-आजोबांनी ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढले, गव्हाची पोळी सणाला दिसायची. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, डाळी, बेसन, भाजीपाला, दूध, अंडी, मटण, मासळी हे सारे चालते. पाव, बिस्कीट, टोस्ट, रवा, मैदा आणि सातूचे पीठ चालत नाही. बुद्धपौर्णिमेची तांदळाची खीर चालते, शेवयांची चालत नाही. दोन ठिकाणी मात्र फसगत होते. गिरणीत गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली की गव्हाचे पीठ त्यात मिसळते, म्हणून घरघंटी किंवा जाते बरे. आणि बाजारच्या बऱ्याच हिंगांत मैदा असतो, डबीवरचा मजकूर वाचून घ्यावा.

माता-भगिनींनो, लेकरू वाढत नसेल, महिनोन्महिने पोट बिघडत असेल, टॉनिक घेऊनही रक्त भरत नसेल, तर खाण्यात काहीही बदल न करता डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा, "सिलिॲकची तपासणी करायची का?" अहवाल जपून ठेवा. सिकलसेलची तपासणी आपण विहारा-विहारांतून लोकांना समजावून सांगितली, तशीच हीसुद्धा सांगू या.

भाची आता सहावीत आहे. भाकरी खाते, खो-खो खेळते. परवा मला म्हणाली, "मामाजी, आता कोणाला सांगाल तर आधी रक्त तपासायला सांगा." तिचा निरोप तुमच्यापर्यंत पोहोचवला.

जयभीम! नमो बुद्धाय!