साधा, कामाचा ट्रक गेला कुठे? अमेरिकेतल्या एका उलट्या गणिताची गोष्ट

टचस्क्रीन नाही. स्पीकर नाहीत. रंग नाही. काचा खाली करायला बटण नाही, हँडल फिरवायचं. सीट दोनच. गाडीची अशी जाहिरात कुणी केली तर तुम्ही म्हणाल, ही गाडी घेणार कोण?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत स्लेट ऑटो नावाच्या नव्या कंपनीने नेमकी अशीच गाडी दाखवली. छोटा इलेक्ट्रिक पिकअप, मागे साधारण पाच फुटांचा हौदा, एका चार्जमध्ये अंदाजे २४० किलोमीटर. गाणी ऐकायची तर आपला फोन लावायचा, नकाशा बघायचा तोही फोनवरच. ५० डॉलर भरून नाव नोंदवा, नको असेल तर पैसे परत, अशी योजना होती. काही आठवड्यांत नोंदणी १ लाखाच्या वर गेली.

आता पन्नास डॉलरची नोंदणी म्हणजे विक्री नव्हे, हे मलाही कळतं. पण मला प्रश्न वेगळाच पडला. ज्या देशात पिकअप ट्रक सगळ्यात जास्त खपतात, तिथे एका साध्या पिकअपची बातमी का व्हावी? शोधायला बसलो तेव्हा कळलं की उत्तर तंत्रज्ञानात कमी आणि नियमांच्या बारीक अक्षरांत जास्त आहे.

आधी होते, मग गेले

१९८० च्या दशकात अमेरिकेत छोट्या पिकअपची रेलचेल होती. टोयोटा आणि निसानचे जपानी ट्रक, फोर्डचा रेंजर, शेवरोलेचा एस-१०. दोन माणसं पुढे, सामान मागे, बस्स. माळी, प्लंबर, छोटा शेतकरी, रंगारी, सगळ्यांचं काम त्यावर चालायचं.

एस-१० २००४ मध्ये बंद झाला. छोटा रेंजर २०११ च्या डिसेंबरमध्ये. रेंजर २०१९ मध्ये परत आला, पण अंगाने मोठा होऊन. २०२४ चं मॉडेल तर अमेरिकेत फक्त चार दरवाजांचं निघालं, मागे पाच फुटांचा हौदा. म्हणजे माणसांची जागा वाढली, सामानाची घटली.

दोन दरवाजांचे ट्रक अजिबात मिळत नाहीत असं नाही. फोर्डच्या एफ-१५० चं साधं मॉडेल आठ फुटांच्या हौद्यासह मिळतं. पण ती भली मोठी गाडी, किंमत ३७ हजार डॉलरच्या वर, आणि बरेचसे असे ट्रक मोठ्या कंपन्या एकगठ्ठा घेतात. शोरूममध्ये उभे असतात ते चार दरवाजांचे, लेदर सीटचे. छोटा, स्वस्त आणि साधा, हे तिन्ही शब्द एकत्र बसतील असा नवा ट्रक सापडणं मात्र खरंच कठीण.

पहिलं कारण: कोंबडी

हो, खरंच कोंबडी. १९६० च्या सुमारास अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात जोरात विकली जात होती. तिथल्या शेतकऱ्यांची ओरड सुरू झाली आणि पश्चिम जर्मनी, फ्रान्ससह युरोपच्या सामायिक बाजाराने तिच्यावर कर चढवला. उत्तर म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी चार वस्तूंवर २५ टक्के आयात कर लावला: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. ट्रकचा नेम फोक्सवॅगनवर होता.

बाकी तीन वस्तूंवरचा तो कर पुढे उठला. ट्रकवरचा साठ वर्षांनंतरही आहे. लोक त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात.

या कराला चकवण्यासाठी कंपन्यांनी एकेक भन्नाट युक्त्या केल्या. सुबारूने ब्रॅट नावाच्या पिकअपच्या हौद्यातच दोन सीट बसवल्या, म्हणजे कागदावर ती माणसांची गाडी! फोर्डने तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन आणल्या, मागे सीट लावून. बंदर ओलांडलं की सीट काढून टाकायच्या आणि मालवाहू व्हॅन म्हणून विकायच्या. हे प्रकरण सरकारपर्यंत गेलं आणि २०२४ मध्ये फोर्डने ३६ कोटी ५० लाख डॉलर भरून ते मिटवलं.

यातली खरी मेख अशी की स्वस्त ट्रकला हा कर जास्त बोचतो. महागड्या गाडीत नफा भरपूर, कर पचून जातो. स्वस्त गाडीत नफा आधीच चिमूटभर, त्यात २५ टक्के कुठून भरणार? म्हणून थायलंडमध्ये २०२३ च्या अखेरीस टोयोटाने काढलेला हायलक्स चॅम्प अमेरिकेत दिसत नाही. तिथे त्याची सुरुवातीची किंमत ४ लाख ५९ हजार बात, म्हणजे आपले साधारण ११ लाख रुपये. सपाट हौदा आणि जागोजागी बोल्टची छिद्रं, हवं ते बसवा. अमेरिकन माळ्याला हवा तो ट्रक तयार आहे, फक्त त्याच्या देशात नाही.

दुसरं कारण: चाकांमधलं क्षेत्रफळ

हे कारण जरा तांत्रिक आहे, पण सगळ्यात रंजक.

अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने गाड्यांना मायलेजचं बंधन आलं. त्याला 'कॅफे' नियम म्हणतात. कंपनीने वर्षभरात विकलेल्या गाड्यांचं सरासरी मायलेज ठरलेल्या आकड्याच्या वर हवं, नाहीतर दंड. हेतू अगदी चांगला.

पुढे सूत्र बदललं. हलक्या ट्रकसाठी २००८ पासून नवी पद्धत सुरू झाली आणि २०११ पासून ती सक्तीची झाली. त्यात प्रत्येक गाडीचं लक्ष्य तिच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावरून ठरतं. क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकं लक्ष्य सोपं.

समजा शाळेत नियम केला की उंच मुलं ३५ मार्कांना पास आणि बुटक्या मुलांना ७० लागतील. बुटका मुलगा ६० मिळवूनही नापास. मग शाळा काय करेल? उंच मुलांनाच प्रवेश देईल. छोट्या पिकअपचं असंच झालं. तो मोठ्या ट्रकपेक्षा कमी पेट्रोल पितो, पण त्याचं लक्ष्य इतकं वर की ते गाठणं महाग पडतं. सोपा उपाय एकच: गाडी मोठी करा. पेट्रोल वाचवायला केलेल्या नियमाने छोट्या ट्रकचाच काटा काढायला मदत केली.

यात भर म्हणून करसवलत. व्यवसायासाठी घेतलेल्या गाडीची भरलेल्या मालासकट कमाल वजनमर्यादा ६ हजार पौंडांच्या, म्हणजे साधारण २७०० किलोच्या वर असेल, तर पहिल्याच वर्षी खर्चात मोठी वजावट दाखवता येते. फोर्ड मॅव्हरिकसारखा छोटा पिकअप या रेषेच्या खाली राहतो. त्यामुळे सीए सुद्धा सांगणार, साहेब, मोठाच घ्या.

तिसरं कारण: स्क्रीन एकदा आली की

मे २०१८ पासून अमेरिकेत नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. रिव्हर्स घेताना मागे असलेलं लहान मूल दिसावं म्हणून. या नियमाला माझा अजिबात विरोध नाही, उलट तो हवाच.

पण कॅमेरा आला की स्क्रीन आली. स्क्रीन आली की कंपनीला वाटतं, एवढं आहेच तर मोठी देऊ. मग त्यात एसी, मग सीटची सेटिंग, मग अ‍ॅप. पहिल्या नियमात यातलं काहीच नव्हतं. स्लेटने काय केलं, तर कॅमेऱ्याचं चित्र स्टीअरिंगमागच्या छोट्या डिस्प्लेवर दिलं आणि बाकीचं तुमच्या फोनवर सोडलं. विचार केला तर हे शहाणपणाचं आहे. फोन तुम्ही चार वर्षांनी बदलता, ट्रक वीस वर्षं चालवायचा असतो. ट्रकमध्ये चिकटवलेली स्क्रीन दहाव्या वर्षी फक्त डोकेदुखी असते.

मग लोकांनाच मोठे ट्रक हवेत, त्याचं काय?

हा आक्षेप खरा आहे. अनेक अमेरिकन कुटुंबांत पिकअप हीच घरची गाडी. सोमवारी कामावर, रविवारी मुलांना घेऊन फिरायला. अशा माणसाला चार दरवाजे हवेतच.

पण छोट्या ट्रकला गिऱ्हाईक नाही, हे मला पटत नाही. फोर्डने मॅव्हरिक आणला तेव्हा २०२२ च्या मॉडेलची किंमत १९,९९५ डॉलरपासून होती, तीही हायब्रिड इंजिनसह. मागणी इतकी आली की जानेवारी २०२२ मध्ये कंपनीला नव्या ऑर्डरच थांबवाव्या लागल्या. २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३० हजार मॅव्हरिक विकले गेले. दरम्यान किंमत मात्र २५ हजारांच्या बरीच वर गेली.

आणि ज्यांना तोही परवडत नाही ते काय करतात? जपानचे जुने 'केई' ट्रक मागवतात. सुझुकी कॅरी, होंडा अ‍ॅक्टी, दायहात्सू हायजेट. इंजिन ६६० सीसी, लांबी साडेतीन मीटरच्या आत, तरी हौदा सहा फुटांच्या वर! अमेरिकेत २५ वर्षं जुन्या परदेशी गाडीला तिथले सुरक्षेचे नियम लागू होत नाहीत, म्हणून हे जमतं. काही राज्यांनी यांना रस्त्यावर आणायला मनाई केली, तर टेक्सासने २०२४ मध्ये परवानगी दिली. नव्या साध्या ट्रकसाठी तरसलेला माणूस पाव शतक जुना ट्रक समुद्रापलीकडून आणतोय, यापेक्षा मागणीचा आणखी काय पुरावा हवा?

याची किंमत फक्त गिऱ्हाईक मोजत नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या हायवे सेफ्टी संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. गाडीने पादचाऱ्याला धडक दिली आणि बॉनेट ४० इंचांहून उंच असेल, तर मृत्यूची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. ट्रक मोठा करण्याचा हिशोब रस्ता ओलांडणाऱ्याच्या खात्यात लिहिला जातो.

यात आपला काय संबंध?

एक तर थेट संबंध आहे. महिंद्राने आपला डिझेल पिकअप अमेरिकेत विकायचं ठरवलं होतं. वितरक नेमला, डीलर गोळा झाले, पण २०१० नंतर प्रकरण वादात अडकलं आणि तो पिकअप तिथल्या रस्त्यावर उतरलाच नाही. पुढे २०१८ मध्ये महिंद्राने तिथे रॉक्सर आणली, तीही फक्त शेतात आणि आडवाटेला चालवायला.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे साधा ट्रक आजही जिवंत आहे. २००५ मध्ये टाटा एस आला आणि आपण त्याचं नाव ठेवलं छोटा हत्ती. मार्केट यार्डात भाजी, गल्लीत गॅस सिलिंडर, मे महिन्यात घर बदलणाऱ्यांचं कपाट, गणपतीत मूर्ती, सगळं त्याच्याच पाठीवर. जून २०२५ मध्ये आलेल्या एस प्रोची किंमत ३ लाख ९९ हजारांपासून सुरू झाली, भार ७५० किलो. एक गाडी घेऊन भाडं मारणारा पोरगा स्वतःचा मालक होतो. साध्या ट्रकचं खरं मोल मला इथे दिसतं.

पण गाफील राहून चालणार नाही. आपल्याकडेही प्रवासी कारसाठी कॅफे नियम आहेत आणि त्यात लक्ष्य गाडीच्या वजनावरून ठरतं. जड गाडीला सोपं, हलक्या गाडीला कठीण. ओळखीचं वाटतंय ना? सप्टेंबर २०२५ मध्ये पुढच्या टप्प्याचा मसुदा आला, त्यात ९०९ किलोपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना थोडी सूट सुचवली होती. मारुतीला ती हवी होती, टाटा आणि महिंद्राचा विरोध होता. बातमीत हे कंपन्यांचं भांडण वाटतं. खरं तर उद्या शोरूममध्ये स्वस्त, छोटी गाडी उभी असेल की नाही, हे तिथे ठरतं.

पुढे काय?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने कॅफेचा दंड शून्यावर आणला. म्हणून छोटे ट्रक लगेच येतील असं मला वाटत नाही. नवीन मॉडेलला वर्षं लागतात आणि आजचा दंड शून्य असला तरी पुढचं सरकार काय करेल, हे कंपनीला माहीत नसतं. चिकन टॅक्स तर जागचा हललेला नाही. स्लेटलाही फटका बसलाच. 'वीस हजारांच्या आत' ही घोषणा साडेसात हजार डॉलरच्या सरकारी सवलतीवर उभी होती आणि ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. गाड्या २०२६ च्या अखेरीस देऊ, असं कंपनीने सांगितलंय.

फोनच्या बाबतीत आपण हे पाहिलंय. काढता येणारी बॅटरी गेली, हेडफोनचं छिद्र गेलं, आणि प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की लोकांना नकोच होतं. ट्रकच्या गोष्टीवरून मी एक सवय लावून घेतली आहे. एखादी साधी वस्तू बाजारातून गायब झाली की 'लोकांना नको होती' यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. आधी बघायचं, ती विकण्यात फायदा राहू नये असा नियम कुठे आहे का. बऱ्याचदा तो सापडतो. आणि नियम माणसांनी केलेला असतो, म्हणजे तो बदलताही येतो.