छातीचा एक्स-रे झाला, झोपेचं काय?

अल खोरला यायच्या आधी आखाती देशांसाठीची मेडिकल झाली. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, सगळं तपासलं. झोप नीट लागते का, हे कुणी विचारलं नाही.

रास लफानच्या गॅस प्रकल्पांवर जाणारी बरीच माणसं इथे राहतात. शुक्रवारी सुट्टी, म्हणून घरी व्हिडिओ कॉल. इकडून 'मी मजेत', तिकडून 'इथलं सगळं ठीक'. दोन्हीकडे थापा, त्याही मायेपोटी. माझ्या खोलीतल्या एकाला वडिलांचं ऑपरेशन दीड महिन्याने कळलं. नंतर त्याचा घरच्यांच्या 'ठीक'वर विश्वासच बसेना. रात्ररात्र जागायचा, ड्युटीवर मात्र वेळेवर हजर, म्हणून कुणाला पत्ता नाही.

कतारने कोरोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये, १६००० वर मानसिक आरोग्याची हेल्पलाइन सुरू केली. भारतात १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस आहे: १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं. गावाकडच्यांनी नंबर लिहून ठेवावा. मागे राहिलेल्यांचीही झोप उडालेली असतेच. पण हेल्पलाइन म्हणजे पाणी गळ्याशी आल्यावरची गोष्ट.

कामगारांसाठी परराष्ट्र खात्याचं एक दिवसाचं प्रस्थानपूर्व प्रशिक्षण असतं. त्यात पूर्ण एक तास मनासाठी हवा, मराठीत, आणि बायकोला किंवा आईवडिलांना शेजारी बसवून. आजारी असो-नसो, जाणाऱ्या प्रत्येकाला. काय लपवायचं नाही, हे तिथेच ठरावं.

त्या मित्राच्या घरी आता ठरलंय: दवाखान्याची गोष्ट त्याच दिवशी सांगायची. गेल्या महिन्यात आईची शुगर वाढल्याचं त्याला रात्री अकराला कळलं. चिडला, बोलला, मग झोपला.