दोन गाड्या समोरासमोर येतात तेव्हा : चंदगड आणि बारा मीटरचा रस्ता

१/ गावाच्या मध्यवस्तीतील रस्ता दुहेरी वाहतुकीसाठी किती रुंद असावा? प्रश्न आजच्या कोंडीचा वाटतो. पण त्याचे वय दोन हजार वर्षांच्या घरात आहे. #थ्रेड

२/ कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त नगरातील रथ्या चार दंड, तर राजमार्ग आठ दंड रुंद सांगितला आहे. दंड सुमारे सहा फुटांचा धरल्यास रथ्या चोवीस फुटांची, म्हणजे सात मीटरांहून किंचित अधिक होते.

३/ बॅरिस्टर मु. रा. जयकरांच्या समितीच्या शिफारशीतून १९३४ साली ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ स्थापन झाली. दोन मार्गिकांच्या रस्त्याला तिचे प्रमाणही सात मीटरच! हा वारसा नव्हे, गरज आहे. बसची रुंदी नियमाने २.६ मीटरपर्यंत असते. दोन बसना ५.२ मीटर लागतात, उरलेले १.८ मीटर मधल्या व कडेच्या अंतराला.

४/ आता चंदगड. रामघाटासारख्या वाटांनी कोकणात उतरणारे लादलेल्या बैलांचे तांडे एकामागून एक चालत. त्यांना रुंदी नको होती. विसाव्याला पाणी आणि सावली पुरे. जुन्या गल्ल्या त्या काळाच्या मापाच्या आहेत.

५/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र वेगळा होऊन कोल्हापूरला जोडला गेला. बाजाराचे नाते बेळगावशी, कचेरीचे कोल्हापूरशी! तालुक्याच्या गावातील रस्त्यावर हा दुहेरी भार आला.

६/ मग सरसकट रुंदीकरण करावे काय? १८९६च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून त्याने प्रशस्त रस्ते काढले. पण घरे गमावलेल्या गरिबांपैकी पुष्कळांना तिथे परतता आले नाही. वस्ती वाढल्यावर काढलेल्या रस्त्याची किंमत घरे मोजतात.

७/ माझे मत स्पष्ट आहे. चंदगडच्या मुख्य रस्त्याला बारा मीटर पुरेत : सात वाहनांना, दोन्ही बाजूंस १.८ मीटरचे पदपथ, उरलेले गटारांना व खांबांना. इथल्या पावसात गटार ही चैन नव्हे. याहून अधिक रुंदी उभ्या गाड्याच गिळतील; त्यांच्यासाठी बाजाराबाहेर वाहनतळ करावा.

८/ जिथे बारा मीटर मिळत नाहीत, तिथे भिंती पाडू नयेत. एकेरी वाहतूक करावी. आणि जिथे वस्ती अजून विरळ आहे, तिथे नगरपंचायतीने रस्त्याची रेषा आजच आखावी. उद्या तीच रेषा कुणाच्या तरी माजघरातून जाईल.