राखेतलं बियाणं

आजीच्या घरी राख लावून मडक्यात ठेवलेलं वालाचं बी आठवतं? आता बी पाकिटातून येतं. संकरित असलं तर दरवर्षी नव्यानं विकत! अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. नातू आजारी पडला, तेव्हा त्यांचा संशय गेला फवारणीच्या भाजीवर. मग त्यांनी गावठी वाण जमवायला घेतले, बायकांना जोडलं, ‘बाएफ’ संस्थेची साथ मिळाली आणि घरातच बियाणे बँक उभी राहिली. २०२० साली पद्मश्री किताब जाहीर झाला. मला मात्र जास्त अप्रूप याचं, की ते बी पुन्हा बायकांच्या परसात रुजतंय. परस नाही? गॅलरीतल्या फुटक्या बादलीतही वाल चढतो. गावाकडून मूठभर बी मागून आणा. आणि सगळ्या शेंगा आमटीत घालू नका. चार चांगल्या वेलावरच वाळू द्या.