तळ्याकाठचा मुक्काम

लष्करातील सराफ्यात संध्याकाळी घटकाभर टेकणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात पूर्वी काशी, रामेश्वर आणि फार तर काश्मीर ही नावे येत. अलीकडे त्यांत आफ्रिकेची भर पडली आहे. सोन्याचा भाव झाला, मुलांच्या नोकऱ्या झाल्या, की केनियाचा विषय निघतो. गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या पेढीवर आम्ही बसलो असता, लेकाने नैरोबीस बोलावून घेतलेले एक वृद्ध दांपत्य तेथे आले. नाकुरू सरोवराच्या काठी, राष्ट्रीय उद्यानाच्या आतच असलेल्या एका निवासात त्यांनी दोन रात्री काढल्या होत्या. काकूंचा आनंद अजून ओसरला नव्हता. "गुरुजी, पडदा सारला की समोर तळं, आणि काठाशी गाईगुरांसारखे गेंडे चरताहेत! पण ते गुलाबी पक्षी चित्रात असतात तेवढे काही दिसले नाहीत हो. फसवलंच म्हणायचं."

काकूंना कोणी फसविले नव्हते. नाकुरूचे पाणी खारट व क्षारयुक्त. अशाच पाण्यात जे नीलहरित शैवाल माजते, त्यावर लहान रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, निर्वाह चालतो. पण २०१० च्या सुमारापासून त्या खोऱ्यातील सरोवरांचे पाणी सारखे चढत गेले. नाकुरूचे जुने प्रवेशद्वार पाण्याखाली गेले, काठची झाडे उभ्या उभ्या वाळली. गोडे पाणी मिसळून क्षार पातळ झाले आणि शैवाल घटले. मग पक्ष्यांनी उत्तरेकडच्या बोगोरिया सरोवराची वाट धरली. दाणा सरला की पाखराने जावे, यात नवल ते काय?

दुसरी गोष्ट त्या खिडकीतून दिसत नाही. नाकुरू हे मोठे नगर आहे आणि ते सरोवराला अगदी खेटून वसले आहे. १९६८ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढे सभोवार कुंपणही पडले. कुंपणामुळे गेंडा सुरक्षित झाला. पण नगराचे सांडपाणी कोणते कुंपण मानते? १९९० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत केनियाचे पहिले नाव गेले ते नाकुरूचे. तरीही नगरातील घाणेरड्या पाण्याची चिंता त्या सरोवराच्या मागे लागलेलीच आहे.

हे ऐकताना आमच्या मनात दुसरेच तळे उभे राहिले होते. आपल्यापासून सुमारे ११५ किलोमीटरांवर, शिवपुरीचे सख्यासागर.

कैलासवासी माधवराव महाराजांनी मणिहार नदीचे पाणी अडवून १९१८ साली हा जलाशय निर्माण करविला आणि त्याला आपल्या मातोश्री सख्याराजे यांचे नाव दिले. लोक त्याला चांदपाठा असेही म्हणतात. विस्तार २४८ हेक्टरांचा. वरच्या टेकडीवरील जॉर्ज कॅसल तळ्याहून सात वर्षांनी वडील, १९११ सालचे. पंचम जॉर्ज बादशहा शिकारीस येणार म्हणून बांधलेले. बादशहाला वाटेतच वाघ मिळाला आणि तो तेथे मुक्कामास थांबलाच नाही, असे सांगतात. मोठ्यांच्या स्वागताची तयारी अशीच वाया जाते, हे आम्हा शाळा तपासणीची वाट पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

तळ्याच्या परिसरात मुक्कामाची चांगली सोय आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही तेथे सहकुटुंब राहिलो. पहाटे धुके विरळ होऊ लागले की पाण्यावर पाणकावळे दिसू लागतात. उन्हे वर आली की मगरी काठावर येऊन पडतात आणि जबडा उघडून निश्चल राहतात. तो आवेश नव्हे. शरीर फार तापू नये म्हणून केलेली सोय. संध्याकाळी चितळांचे कळप पाण्यावर उतरतात. वाघ मात्र आम्हांला दिसला नाही. माधव राष्ट्रीय उद्यानातून तो कैक वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. मार्च २०२३ मध्ये बाहेरून वाघ आणून तेथे सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये उद्यानाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

आणि आफ्रिकाच पाहावयाची, तर ती आपल्या दाराशी दोनदा आलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी याच माधवराव महाराजांनी आफ्रिकेतून सिंह मागवून, उंच भिंतींच्या आवारात ठेवून, कुनोच्या बाजूच्या रानात सोडले होते. ते गुरांवर आणि माणसांवर जाऊ लागले, आणि तो प्रयोग फसला. पुढे त्याच कुनोत गीरचे सिंह आणावयाचे म्हणून रानातली गावे उठविली गेली, सहरिया कुटुंबे बाहेर गेली. सिंह काही आले नाहीत. आले ते चित्ते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ, १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेहून बारा. आणि दोन्ही वेळा विमान उतरले ते आपल्याच ग्वाल्हेरच्या विमानतळावर. पुढे त्यांतले काही दगावले, काहींना पिल्ले झाली. २०२३ च्या एप्रिलात एक चित्ता तर फिरत फिरत शिवपुरी जिल्ह्याच्या जंगलापर्यंत आला होता. त्याला कुनोची सीमा कोणी दाखविली नसावी.

पशू बोलावता येतात. पाण्याचे तसे नाही. सख्यासागराचेही नाव २०२२ साली रामसर यादीत गेले, म्हणजे नाकुरूच्या पंक्तीला जाऊन बसले. दुखणेही तेच. शिवपुरीच्या वस्तीचे सांडपाणी नाल्यांवाटे या तळ्याकडे येत राहिले आणि त्यावर जलपर्णी पोसली. हिला आपल्याकडे जलकुंभी म्हणतात. फूल जांभळे, दिसायला देखणे. मूळची दक्षिण अमेरिकेची. तिचा थर पसरला की खाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. मासे गेल्यावर पाणकावळ्यांनी आणि मगरींनी खायचे काय? ती उपटून काढण्याचे काम वेळोवेळी होते, आणि नाला वाहता असेतो ती पुन्हा येते. सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे अशी योजना निघाली खरी; पण ती वर्षानुवर्षे रेंगाळली.

म्हणून तेथे जाणाऱ्या वाचकांना आमचे सांगणे एवढेच, की तळ्याकडे तोंड असलेली खोली जरूर मागून घ्यावी, आणि एक सकाळ शहराच्या बाजूसही जावे. मुले बरोबर असतील तर त्यांनाही न्यावे. आम्ही गेलो त्या दिवशी चार माणसे होडीतून जलकुंभी ओढून काठावर टाकीत होती. पलीकडे, मोकळ्या झालेल्या हातभर पाण्यात एका मगरीचे नाकाड आणि दोन डोळे तेवढे वर होते. आमच्या धाकट्याने विचारले, "हे एवढं काढून कुठं नेतात?" होडीतल्या म्हाताऱ्याने काठाकडे बोट केले. तेथे कमरेएवढा ढीग साचला होता, आणि त्यातून निथळणारे काळे पाणी मातीतून वाट काढीत पुन्हा तळ्यातच उतरत होते.