दप्तर घरी आले; वाचावयाचे कोणी?

‘घरबसल्या काम’ हा शब्दप्रयोग बागाईतदारांच्या कानी प्रथम पडला तेव्हा त्याची थट्टाच झाली, आणि ती रास्तही होती. घड लागलेल्या केळीस आधार देणे, पानवेल बांधणे, पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडणे ही कामे ओटीवर बसून होत नाहीत, व पुढेही होण्याचा संभव नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा मुंबईच्या कचेऱ्या लोकांच्या घरांत आल्या. वाडी मात्र जेथल्या तेथेच राहिली. तथापि शेतकऱ्याचे सारेच काम वाडीत असते असे नाही. सजा, तहसील, बँक, कृषी खाते व मोजणीची कचेरी यांच्या पायऱ्या झिजविण्यात वर्षाचे किती दिवस जातात याचा हिशेब आपण खतावणीत लिहीत नाही, एवढ्याचमुळे तो खर्च दिसत नाही. माणिकपुराहून वसई गावातील तहसील कचेरीचा रस्ता काही लांब नव्हे. लांब असतो तो ‘उद्या या’ या दोन शब्दांनी वाढत जाणारा रस्ता. घरबसल्या कामाच्या साधनांचा विचार आम्ही येथे करीत आहोत तो मुख्यत्वे या दुसऱ्या रस्त्यापुरता.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, सरकारी दप्तर आता खरोखरच घरी आले आहे. परंतु ते वाचण्याचे काम आपण पुन्हा दुसऱ्याच्याच हाती देत आहोत, आणि आपल्या मुलखात हे फार महाग पडणार आहे.

वसईच्या कास्तकारास ही गोष्ट नवी नाही. इ. स. १५३४ मध्ये हा प्रांत पोर्तुगीजांकडे गेला, आणि १५५४ मध्ये सिमांव बोतेलो याने येथील महसुलाची नोंदवही तयार केली. तिची भाषा पोर्तुगीज. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर दप्तर मोडीत आले. इंग्रजी अंमलात कायदे इंग्रजीत झाले व गावचे कागद पुष्कळ काळ मोडीतच राहिले. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. आजचा सातबारा तिचाच वारस होय. प्रत्येक वेळी लिपी बदलली, आणि प्रत्येक वेळी जमीन कसणाऱ्यास ती वाचता येत नसल्यामुळे वाचणारा मध्ये आला. मध्ये येणाऱ्याने आपली मजुरी घेतली, यात वावगे काही नाही. परंतु काही ठिकाणी त्याने जमीनही घेतली. मोबाइल ही दप्तराची नवी लिपी आहे, इतकेच. फरक एवढा की मोडी शिकण्यास महिने लागत, ही शिकण्यास दोन संध्याकाळी पुरतात.

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. महाभूलेख या संकेतस्थळावर कोणत्याही गटाचा सातबारा व खातेउतारा, म्हणजे आठ-अ, फुकट पाहता येतो. तो माहितीपुरता असतो. ज्यावर डिजिटल स्वाक्षरी आहे असा उतारा पंधरा रुपयांत मिळतो, आणि तो सरकारी कामास चालतो. ज्यांच्या जागेचा सिटी सर्व्हे झाला आहे त्यांची मिळकत पत्रिकाही याच रीतीने निघते. महाभूनकाशावर गटाचा नकाशा पाहता येतो. हे सर्व पुष्कळांस ठाऊक आहे, व कर्जाच्या वेळी त्याचा उपयोगही ते करून घेतात. परंतु उतारा काढणे निराळे आणि तो वाचणे निराळे. नमुना सातमध्ये भोगवटादारांची नावे, क्षेत्र, आकार, इतर हक्क व फेरफारांचे क्रमांक असतात. नमुना बारामध्ये पिके. दप्तर संगणकावर चढविताना क्षेत्राचा एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल, वडिलांचे नाव गळाले असेल, फेडलेल्या कर्जाचा बोजा इतर हक्कांत तसाच बसला असेल, तर ते उताऱ्याची घडी करून पेटीत ठेवल्याने कळत नाही. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमात आहे. पण प्रमाद दाखवून द्यावयास तो आधी दिसला पाहिजे.

याहून महत्त्वाचे, आणि आमच्या समजुतीप्रमाणे सर्वांत कमी वापरले जाणारे साधन म्हणजे ‘आपली चावडी’. एखाद्या गटावर फेरफार धरला गेला की संहितेच्या १५० व्या कलमान्वये त्याची नोटीस निघते, व हरकतीस पंधरा दिवस मिळतात. पूर्वी ही नोटीस चावडीच्या फलकावर लागे, आणि फलक वाचावयास कोणी जात नसे. आता ती या संकेतस्थळावर दिसते. जिल्हा, तालुका व गाव निवडले की कोणत्या गटावर काय प्रकारचा फेरफार प्रलंबित आहे ते समोर येते. माणिकपूर, दिवाणमान, उमेळे या बाजूस उरलेल्या वाड्यांचे मोल आज केळीच्या घडावरून कोणी करीत नाही, इमारतीच्या मजल्यांवरून करतात. नवघर-माणिकपूर नगरपरिषद जाऊन ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका आली, आणि वाडीच्या कुंपणापर्यंत शहर आले. अशा ठिकाणी सामाईक खात्यात पाच बहीणभाऊ असावेत, त्यांतील दोघे परदेशी असावेत, एका बहिणीचे नाव वारसनोंदीत राहून गेलेले असावे, आणि पंधरा दिवस कोणाचे लक्ष नसावे, एवढ्यावर तंटा उभा राहतो. नुसत्या फेरफाराने मालकी येत नाही असे न्यायालये वारंवार सांगतात, हे खरे. परंतु उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी असेही १५७ वे कलम सांगते. म्हणजे सिद्ध करण्याचा भार आणि वकिलाची फी ज्याचे नाव गेले त्याच्याच वाट्यास येते. महिन्यातून दोनदा, दर पंधरवड्यास, पाच मिनिटे ‘आपली चावडी’ पाहणे यापेक्षा स्वस्त विमा आम्हांस ठाऊक नाही. परदेशी असलेला भाऊही तेथूनच ती पाहू शकतो, व त्याने पाहावी.

वारसनोंदीचा अर्ज आता ई-हक्क प्रणालीतून घरूनच करता येतो. मयताचे नाव कमी करणे, बोजा उतरविणे यांचेही अर्ज तेथे होतात. हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांत वर्दी द्यावी असा कायदा असता, आपल्याकडे आजोबांच्या नावावरील जमीन नातवंडे कसत असल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पूर्वी ‘कचेरीत कोण जाणार’ ही सबब होती. ती आता उरली नाही. खरी अडचण कचेरीची नसून घरातील असते, हे स्पष्टच बोललेले बरे. बहिणींची नावे चढवावी लागतील या भीतीने वारसनोंद रखडते. ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेला १९२५ चा वारसा कायदा मुलगी व मुलगा असा भेद करीत नाही, आणि हिंदू कुटुंबांतही २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वाटा मुलाबरोबरीचा आहे. नोंद लांबविल्याने हक्क जात नाही, फक्त तंटा वाढतो.

पीकपाहणीची गोष्ट थोडी निराळी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप राज्यभर सुरू झाले, आणि नमुना बारा भरण्याचे काम तलाठ्याकडून, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, शेतकऱ्याकडे आले. हे मात्र घरबसल्या होत नाही. आपल्या गटात उभे राहूनच पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते, आणि यंत्र तुमची जागा ओळखते. आम्हांस हे गैर वाटत नाही. आपल्या मिश्र वाडीचे खरे रूप, म्हणजे नारळाखाली केळी, केळीच्या आडोशास भाजी व कडेला चाफा, कचेरीतून कोणास कधी दिसले होते? ॲपमध्ये मिश्र पिकाची व बांधावरील झाडांची नोंद करण्याची सोय आहे. पुष्कळजण एकच पीक टाकून मोकळे होतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा येथील केळी आडव्या झाल्या. वादळानंतर पंचनामा होतो तेव्हा वाऱ्याने काय नेले हे सांगणारा कागद सातबाराच असतो, आणि त्यात नसलेले झाड वादळातही पडलेले नसते. सबब हंगामाची मुदत कळताच नोंद करावी, व केलेली नोंद उताऱ्यावर उमटली की नाही हे पाहावे.

शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी आवश्यक झाला आहे. त्यासाठी आधार व सातबारा यांची सांगड घालावी लागते, आणि येथे वसईकरांची एक खास अडचण उभी राहते. उताऱ्यावर आगुस्तिन, आधारावर ऑगस्टीन. एकीकडे लोपीस, दुसरीकडे लोपेस. बाप्तिस्म्याचे नाव एक, घरचे निराळे. पाद्रीबाबा, मास्तर व तलाठी या तिघांनी एकाच मुलाचे नाव तीन परींनी लिहिले, आणि साठ वर्षे कोणाचे काही अडले नाही. यंत्रास मात्र हे चालत नाही. ज्यांच्या घरी असा फरक असेल त्यांनी अनुदानाच्या दिवसाची वाट न पाहता आताच नाव दुरुस्त करून घ्यावे.

आता मध्यस्थाविषयी. सेवा केंद्र चालविणारे पुष्कळजण प्रामाणिक आहेत, आणि ज्यांचे डोळे अधू आहेत अशा वृद्धांस त्यांचा आधारच आहे. परंतु अर्जात शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक न घालता दुकानाचाच क्रमांक घालण्याची जी प्रथा पडली आहे ती आम्हांस धोक्याची वाटते. ज्या क्रमांकावर ओटीपी येतो तो क्रमांक म्हणजे आजची सही होय. कोऱ्या कागदावर अंगठा देणाऱ्या आजोबांस आपण भोळे म्हणतो, आणि दूरध्वनीवर विचारताच ओटीपी सांगून टाकतो! यूपीआयच्या बाबतीतही एवढेच ध्यानी ठेवावे की पैसे घेण्यास पिन लागत नाही, देण्यास लागतो. फुलांचे पैसे पाठवितो, पिन टाका, असे म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब वर्दी द्यावी. उशीर झाल्यास पैसे हाती लागणे कठीण.

इतर साधनांचा उल्लेख थोडक्यात करतो. मेघदूत ॲपवर जिल्ह्याचा हवामान अंदाज व पीकसल्ला मिळतो, वीज पडण्याचा इशारा पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या दामिनी ॲपवर. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकास साधा मोबाइलही पुरतो, आणि उत्तर मराठीत मिळते. पंपाच्या स्टार्टरला सिमकार्डाची पेटी जोडून घरून पंप चालू करण्याची सोय पुष्कळांनी केली आहे. रात्रीअपरात्री विहिरीवर जाणे टळते, हा लाभ खराच. पण आपल्या किनाऱ्यालगतच्या विहिरी अधिक उपशाने मचूळ होतात. पूर्वी पंपाजवळ उभा असलेला माणूस पाण्याची पातळी पाहून पंप थांबवीत असे. अंथरुणातून बटण दाबणाऱ्यास पाणी दिसत नाही. ही पेटी बसविणाऱ्याने वेळ ठरवून पंप आपोआप बंद होण्याची व्यवस्था करावी, आणि आठवड्यातून एकदा तरी पाण्याची चव घ्यावी.

हे सर्व घरात करावयाचे कोणी, हा प्रश्न राहतो. टाळेबंदीनंतर आपल्या कित्येक घरांतील मुलगे, मुली व सुना आठवड्याचे काही दिवस घरूनच कंपनीचे काम करतात. ज्या हातांनी परक्याचे हिशेब दिवसभर बिनचूक लिहिले जातात त्या हातांस घरचा सातबारा कोणी दाखविलेला नसतो. वडीलधाऱ्यांनी तो दाखवावा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. विशेषतः सुनेस व मुलीस, कारण जमिनीचे कागद म्हणजे पुरुषांची बाब हा समज अद्याप गेलेला नाही. गट कोठे आहे, बांध कोणाशी लागतो, अमुक फेरफार कोणत्या साली व कशामुळे झाला, हे वडिलांस तोंडपाठ असते आणि कोठेही लिहिलेले नसते. यंत्र मुलीच्या हाती व माहिती बापाच्या डोक्यात, असे दोघे एका ओटीवर तासभर बसले म्हणजे दप्तर पुरे होते. संस्थेच्या कार्यालयातही महिन्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे मांडीत आहोत. तेथे उतारे काढून देण्याचे नव्हे, तर वाचून दाखविण्याचे काम व्हावे.

सरकारासही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. दप्तर घरी पाठविले म्हणून कचेरीची जबाबदारी घरी पाठविता येत नाही. ज्यांची नावे उताऱ्यावर आहेत त्या प्रत्येकास सूचना पोचल्याची खात्री पटल्यावाचून कोणताही फेरफार मंजूर होऊ नये, आणि चावडीवरील फलकही काढू नये. दुसरे असे की, ही संकेतस्थळे ऐन गरजेच्या वेळी बंद पडतात असा सर्वांचा अनुभव आहे. ज्या दिवशी ‘आपली चावडी’ उघडत नाही, ते दिवस हरकतीच्या पंधरा दिवसांत धरू नयेत.